पिंजलेल्या कापसाचे छत

जरा माझ्याबरोबर कल्पना करा. मे महिन्यातली दुपार आहे आणि तुम्ही पत्र्याच्या एका मोठ्या डब्यात उभे आहात. डब्यात एक पलंग आहे, छोटी शेगडी आहे, भांडी अडकवायला आकडे आहेत, आणि खाली चार चाकेही आहेत. बाहेर चंद्रपूर जिल्ह्यातले ऊन आहे, म्हणजे सेहेचाळीस अंश. आता एक हात वर करा आणि तळवा छताजवळ न्या. छताला लावू नका हं, भाजेल! नुसता जवळ न्या. जाणवली धग? तुम्ही पत्र्याला हात लावलेला नाही. मग ती धग तुमच्या तळव्यापर्यंत पोचली कशी?

आपल्या गोष्टीतली समिधा झाडे ही मुलगी नेमकी अशीच हात वर करून उभी होती. साल होते २०५२ आणि तिचे वय होते अकरा.

“आबाजी, हे छत आहे का तवा?” तिने विचारले.

“तवाच आहे,” आबाजी म्हणाले. “फक्त उलटा टांगलेला. आणि पोळ्या म्हणजे आपण.”

“तव्याचे तापमान एकाहत्तर अंश,” दारातून भिंग्या म्हणाला. “पोळ्या अजून कच्च्या आहेत.”

आबाजी म्हणजे समिधाच्या आईचे वडील. नोकरीत असताना ते उपग्रहांसाठी चकचकीत पांघरुणे तयार करत. गावात कोणी विचारले, की “मी उपग्रहांचा शिंपी होतो” असे सांगत. भिंग्या हा त्यांनीच बनवलेला यंत्रमानव. उंचीने गुडघ्याएवढा, पाय तीन आणि डोळे दोन. त्याचा एक डोळा आपल्यासारखे पाहतो आणि दुसऱ्याला उष्णता दिसते. गार वस्तू त्याला निळी दिसते, तापलेली लाल. पोटावरच्या पडद्यावर तो ते चित्र सगळ्यांना दाखवतो. आणि ज्या गाडीत ही मंडळी उभी होती ती होती आबाजींची घरगाडी. साठ वर्षांची जुनी, गोल नाकाची, वरून दुधी आणि खालून पोपटी. तिचे डिझेलचे इंजिन काढून आबाजींनी तिला बॅटरीवर चालती केली होती. पण अंग मात्र तेच जुने, पत्र्याचे.

या गाडीतून येत्या शनिवारी चिखलदऱ्याला जायचे होते. आणि ते छतामुळे अडले होते.

शेजारच्या घरात समिधाची मैत्रीण झीनत राहते. झीनतला घाम येत नाही. तिच्या त्वचेत घर्मग्रंथी (घाम तयार करणाऱ्या अगदी बारीक नळ्या) जन्मापासून जवळजवळ नाहीतच. घाम नाही म्हणजे चांगलेच की, असे तुम्हाला वाटेल. पण घाम वाळताना आपल्या अंगातली उष्णता घेऊन जातो. तो नसेल तर अंग तापतच राहते. म्हणून झीनत उन्हाळाभर घरातल्या गार खोलीत राहते. तिथून खिडकीतून ती साऱ्या गल्लीवर हुकूम सोडते, हा भाग वेगळा.

रविवारी झीनतच्या फरहीनखालाचे लग्न होते. ही तिची सर्वांत लाडकी मावशी. खाला चिखलदऱ्याला कॉफीच्या बागेत काम करते आणि लग्नही तिथेच होते. झीनतची अम्मी तयारीसाठी पुढे गेली होती. झीनतचे नाना मात्र गावातच थांबले होते. नवरीचे वडील असूनही! नात आल्याशिवाय ते हलायला तयार नव्हते. घरगाडी हळू चालते, त्यामुळे आठ तास लागणार. वाटेतला जंगलाचा रस्ता वाघांसाठी संध्याकाळपासून सकाळी सहापर्यंत बंद असतो. म्हणजे प्रवास उन्हातूनच करायचा.

“गाडीत एसी आहे ना?” असे तुम्ही म्हणाल. आहे. पण गेल्या वर्षी एका भाड्याच्या गाडीचा एसी रस्त्यात बंद पडला होता. पंधरा मिनिटांत झीनतला इतका ताप चढला, की तिला चार दिवस दवाखान्यात राहावे लागले. तेव्हापासून डॉक्टर बोरकुटे बाईंनी एक अट घातली होती.

“एसी बंद केल्यावर अर्धा तास गाडी पस्तीस अंशांच्या आत राहिली पाहिजे,” त्यांनी बजावले होते. “मदत पोचायला तेवढा वेळ लागतो. मी स्वतः गाडीत बसून बघणार. नाही जमलं, तर झीनत घरी.”

आबाजींनी एसी बंद करून आधी मोजून पाहिले होते. घरगाडी आठ मिनिटांत पस्तिशीच्या पुढे गेली होती.

“खिडक्यांना पडदे झाले, भिंतींना बुचाचे तक्ते लावून झाले,” आबाजी म्हणाले. “उरलं छत. या दिवसांत आपल्याकडे सूर्य भरदुपारी अगदी डोक्यावर येतो. त्यामुळे सगळ्यात जास्त ऊन खातं ते छतच. आता सांग, बाहेरचं ऊन तुझ्या तळव्यापर्यंत कसं आलं?”

समिधा विचार करू लागली. “उन्हानं पत्रा वरून तापला. मग खालूनही तापला.”

“बरोबर. उष्णता धातूतून अशी कणाकणानं पुढे सरकते, त्याला वहन (वस्तूला वस्तू चिकटून उष्णता जाणं) म्हणतात. पण तुझा हात तर चिकटलेला नाही.”

“मग गरम हवा खाली आली असेल.”

“गरम हवा हलकी असते, ती वरच राहते.”

“मग काय उरलं?” समिधा वैतागली.

“शेकोटीपुढे बसलीस की तोंड तापतं, ते कशानं?”

“आगीकडून सरळ येतं काहीतरी... किरण?”

“शाब्बास! तापलेली कुठलीही वस्तू अवरक्त किरण (डोळ्यांना न दिसणारे पण अंगाला उष्ण लागणारे किरण) सोडते. याला प्रारण म्हणायचं. म्हणजे छताशी आपल्याला दोन प्रकारची लढाई करायची आहे. एक पत्र्यातून सरकणाऱ्या उष्णतेशी, एक किरणांशी.”

“मग छताला काय लावायचं?”

“गोधडी.”

समिधाला वाटले, उन्हाने आबाजींचे डोके फिरले. “गोधडीनं तर उबारा येतो! आत अजून उकडेल!”

आबाजींनी बर्फाचे दोन सारखे तुकडे आणले. एक ताटलीत उघडा ठेवला. दुसरा प्लास्टिकच्या पिशवीत घालून गोधडीत गुंडाळला. तासाभराने ताटलीत नुसते पाणी होते, आणि गोधडी सोडली तर आतला बर्फ जवळजवळ तसाच!

समिधा त्या बर्फाकडे बघतच राहिली. “म्हणजे गोधडी गरम करत नाही,” ती सावकाश म्हणाली. “ती उष्णतेला फक्त अडवते. थंडीत माझ्या अंगाची उष्णता बाहेर जाऊ देत नाही, आणि उन्हाळ्यात बाहेरची बर्फाकडे येऊ देत नाही.”

“अशा पदार्थाला उष्णतारोधक (उष्णतेची वाट अडवणारा) म्हणतात,” आबाजी म्हणाले. “आणि तो भरायला आपल्या गावात यासीनमियांपेक्षा चांगला माणूस नाही.”

यासीनचाचा म्हणजे झीनतचे नाना. चौकात त्यांचे गादी-रजईचे दुकान आहे. चार पिढ्यांचा धंदा. त्यांच्या गादीवर लोळून मोठी झालेली माणसे आता आजोबा झाली आहेत. घरगाडीच्या छताचे काम आहे म्हटल्यावर त्यांनी लग्नाची बाकीची कामे बाजूला सारली.

“माझ्या नातीसाठी हाये ना?” ते म्हणाले. “मग असा माल लावतो, की सूर्य बी परत जाईन, बाप्पा!”

गाडीच्या छताला आतून चार लोखंडी कमानी होत्या, फासळ्यांसारख्या. त्यांच्या मधले आणि दोन्ही टोकांचे धरून पाच गाळे. चाचांनी गाळ्यांची मापे घेतली. आबाजींच्या सांगण्यावरून कापसावर टाकणखाराच्या (बोरॅक्सच्या) पाण्याचा फवारा मारून तो वाळवला, म्हणजे तो सहज पेट घेत नाही. मग प्रत्येक गाळ्यासाठी एकेक गादी भरली. कापूस दाबून दाबून बसवला, वरून दाभणाने टाके घातले आणि पाच सपाट, घट्ट गाद्या छताला ठोकल्या. आबाजी त्या वेळी गाडीखाली झोपून एसीचे नळ तपासत होते. ते बाहेर येईपर्यंत गाद्यांखाली बांबूची चटई ठोकूनही झाली होती.

“बोट घालून दाखवा!” चाचा छाती काढून म्हणाले. “हॉटेलवाले अशी गादी मागतात मला. वीस वर्षं खड्डा पडत नाही.”

बुधवारी दुपारी एक वाजता डॉक्टर बोरकुटे बाई आल्या. झीनत जिथे बसणार होती तिथे त्या स्वतः बसल्या. सोबत आबाजी, समिधा आणि चाचा. झीनत आपल्या खोलीतून फोनवर सगळे पाहत होती. एसीने आतली हवा सत्तावीस अंशांवर आणली. मग बाईंनी तो बंद केला.

पाच मिनिटे झाली. एकोणतीस. दहा मिनिटे झाली. बत्तीस. समिधाने आकड्यावरून नजर हलवली नाही, जणू डोळे वटारले की तो घाबरून थांबेल. चौदाव्या मिनिटाला भिंग्याने सांगितले, “पस्तीस.”

डॉक्टरबाईंनी चाचांकडे पाहिले आणि हळूच म्हणाल्या, “मला वाईट वाटतं हो. पण मी हो म्हणू शकत नाही.”

“काहून नाही?” चाचांचा आवाज चढला. “अठरा किलो कापूस हाये यात! नंबर एकचा, वरोऱ्याचा! यापेक्षा अजून काय पाह्यजे?”

“चाचा, कापूस चांगलाच आहे. आकडा वाईट आहे,” बाई म्हणाल्या. जाता जाता त्या दारात थांबल्या. “शुक्रवारी दुपारी मी मोकळी आहे. तोपर्यंत काही करता आलं तर करा.”

त्या गेल्या. चाचा पायरीवर बसून राहिले. फोनमधून झीनतचा आवाज आला, “नाना, तुम्ही जा. खालाला माझ्याकडून मिठी मारा. मी व्हिडिओवर बघीन ना.” तिने हे इतक्या समजूतदारपणे म्हटले, की समिधाला ते अजिबात आवडले नाही. झीनत समजूतदार वागू लागली म्हणजे तिने आशा सोडली.

“भिंग्या,” समिधा उठून म्हणाली, “छताकडे तुझ्या दुसऱ्या डोळ्यानं बघ.”

भिंग्याने मान वर केली. पोटाच्या पडद्यावर चित्र उमटले. सगळे छत पिवळे दिसत होते. त्यावर चार जाड लाल पट्टे होते, आणि पट्ट्यांच्या मधल्या भागात लाल ठिपके. ठिपकेही कसे? ओळीने, सारख्या अंतरावर, मोजून मांडल्यासारखे.

“गोवर झालाय छताला,” भिंग्या म्हणाला.

“पट्टे म्हणजे कमानी,” समिधा म्हणाली. “तिथं गादीच नाही. पत्रा कमानीला चिकटलाय, कमान चटईला चिकटलीय. उष्णता सरळ खाली येतेय.”

“याला उष्णतेचा पूल म्हणतात,” आबाजी म्हणाले. “नदी कितीही रुंद असली तरी पूल असला की पलीकडचा माणूस येतोच. पण हे ठिपके कसले?”

ते ओळखले झीनतने. ती जन्मल्यापासून ते रोज पाहत होती. “टाके आहेत ते!” ती फोनमधून ओरडली. “आठ बोटांवर एक! नानांच्या गादीचे टाके! जिथं टाका, तिथं लाल.”

चाचांनी मान वर केली. “टाका तर पाह्यजेच ना. नाहीतर कापूस गोळा होतो.”

“टाक्याजवळ गादी सगळ्यात दबलेली असते,” आबाजी स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले आणि एकदम गप्प झाले. समिधाला त्यांची ही सवय ठाऊक होती. उत्तर माहीत असले की ते गप्प होत, आणि समिधाने ते स्वतः शोधावे म्हणून वाट बघत.

समिधा चाचांच्या दुकानात पळाली. मागोमाग चाचा, आबाजी आणि भिंग्याही आले. तिने कापसाचे सारख्या वजनाचे दोन ढीग मागितले. एक ढीग तिने बोटांनी सोडवून मोकळा केला, तो टोपलीभर झाला. दुसरा चाचांनी तिच्यासमोर दाबून, टाके घालून दोन बोटे जाडीचा केला. मग पाण्याने भरलेले दोन सारखे पेले घेतले, दोन्ही पाणी एकसारखे गार. एकाभोवती मोकळा कापूस, दुसऱ्याभोवती टाक्यांचा. दोन्ही पेले उन्हात.

आता थोडे थांबा आणि तुम्ही सांगा. कापूस सारखा, वजन सारखे. कोणते पाणी जास्त वेळ गार राहील? चाचा म्हणाले, टाक्यांचे. घट्ट विणलेल्या गोणीतून धान्य गळत नाही, तसेच. झीनत फोनवरून म्हणाली, मोकळ्याचे. पण तिला कारण सांगता येईना.

अर्ध्या तासाने दाबलेल्या कापसातले पाणी कोमट झाले होते. मोकळ्यातले अजून गार होते.

“असं कसं?” चाचांनी दोन्ही पेल्यांत बोटे बुडवून पाहिली, पेले अदलाबदल करून पुन्हा पाहिली. “कापूस तर तेवढाच हाये!”

“तेवढाच आहे,” समिधा म्हणाली. तिच्या कपाळावर आठ्या पडल्या होत्या. “मग मोकळ्यात जास्त काय आहे? जाडी जास्त आहे. आणि धाग्यांच्या मध्ये...” तिने एक पुंजका उचलून उजेडात धरला. धाग्यांमधून पलीकडचे आभाळ दिसत होते. “मध्ये हवा आहे! आबाजी, उष्णता अडवतो कोण? कापूस का हवा?”

आबाजींचे मौन सुटले. “हवा! हवेतून उष्णतेचं वहन फार हळू होतं. कापूस फक्त पहारेकरी. तो हवेला बारीक बारीक कोठड्यांत कोंडून ठेवतो, हलू देत नाही.”

“मग कापूस हवाच कशाला? नुसती हवेची पोकळी ठेवू की!”

“ठेव. गाडी खड्ड्यात आपटली की ती हवा ढवळली जाईल आणि वरची उष्णता खाली येईल. हवा वाहते तेव्हा ती उष्णताही सोबत नेते, त्याला अभिसरण म्हणतात. शिवाय किरणांचं काय? मोकळ्या जागेतून ते आरपार येतील. म्हणून हवा पाहिजे, पण कोंडलेली.”

चाचांना सगळे समजले होते. त्यांच्या चेहऱ्यावरून ते कळत होते. चाळीस वर्षे त्यांनी कापसातली हवा बाहेर काढण्याचीच कला जोपासली होती. चांगली गादी म्हणजे हवा नसलेली गादी. अठरा किलो कापूस त्यांनी अगदी मन लावून बसवला होता, आणि जेवढे मन लावले तेवढे छत बिघडले होते.

“म्हणजे मी माझ्या हातानं टाके उसवायचे,” ते म्हणाले.

“चाचा, गादी म्हणून ती उत्तमच आहे...” समिधा चाचरत म्हणाली.

“समजूत नको काढू, पोरी. कैची दे.”

गाद्या गाडीतून उतरवून आणल्यावर त्यांनी पहिला टाका कापला. मग दुसरा. पाचही गाद्या उसवून झाल्यावर त्यांनी दुकानाच्या भिंतीवरून त्यांच्या वडिलांची पिंजण खाली घेतली. पिंजण म्हणजे माणसाएवढे लाकडी धनुष्य, त्याला ताणलेली तात, म्हणजे चिवट दोरी. आता सगळीकडे कापूस यंत्राने पिंजतात. समिधाने ती चालताना कधी पाहिलीच नव्हती. चाचांनी तात कापसात धरली आणि लाकडी दांड्याने तिच्यावर ठोका दिला. टंऽग! दाबलेला गोळा थरथरला आणि फुलला. टंऽग टंऽग! दोन मिनिटांत दुकानात ढग उतरला. चाचांच्या दाढीवर कापूस, भिवयांवर कापूस. भिंग्याच्या दोन्ही डोळ्यांवर कापूस.

“मला आता काहीच दिसत नाही,” तो म्हणाला. “अवरक्तसुद्धा नाही. उष्णतारोधक उत्तम आहे.”

चाचा खो खो हसले. दुपारच्या चाचणीनंतर पहिल्यांदाच.

छताची आखणी या वेळी समिधाने कागदावर केली, आणि खिडकीतून झीनतने तिच्या चुका काढल्या. आधी छत बाहेरून पांढऱ्याशुभ्र रंगाने रंगवले, म्हणजे बरेचसे ऊन वरच्यावर परत जाते. आतून गाळ्यांमध्ये फुललेला कापूस, सहा बोटे जाड, पातळ कापडाच्या पिशव्यांत सैल भरलेला. टाका एकही नाही. पिशव्या पडू नयेत म्हणून खालून नुसती जाळी. लोखंडी कमानींवर बुचाच्या जाड पट्ट्या चिकटवल्या, म्हणजे पूल तुटले. मग आबाजींनी पेटीतून जपून ठेवलेला एक चकचकीत पडदा काढला.

“हा उपग्रहाचा?” समिधाने डोळे मोठे केले.

“त्याच जातीचा. अंतराळात हवाच नाही, त्यामुळे तिथं भीती किरणांचीच. असे वीस-वीस चकचकीत थर आम्ही एकावर एक लावायचो. आपल्याला एक पुरे. पण याला कापसाला टेकू द्यायचं नाही. वरच्या बाजूला बोटभर जागा मोकळी ठेवायची. टेकला की वहन सुरू. न टेकता राहिला तर वरून येणारे किरण परतवतो. आणि आपल्या श्वासातली वाफही वर कापसात जाऊ देत नाही. ओला कापूस कुचकामी, कारण हवेच्या जागी पाणी बसतं.”

सगळ्यात खाली पुन्हा बांबूची चटई आली. छत आता चांगले वीतभर खाली आले होते. आबाजी उंच होते. शुक्रवारी सकाळपासून त्यांनी डोके सात वेळा आपटले. भिंग्याने मोजले होते.

शुक्रवारी एक वाजता डॉक्टरबाई पुन्हा झीनतच्या जागी बसल्या. बाहेर सत्तेचाळीस अंश. आत सत्तावीस. एसी बंद झाला.

“प्रत्येक माणूस जुन्या काळच्या शंभर वॅटच्या दिव्याइतकी उष्णता सोडतो,” आबाजी पुटपुटले. “म्हणजे आत चार दिवे लागले आहेत. उगाच हालचाल करू नका.”

“आजोबा, तुमचा दिवा सगळ्यात जास्त बोलतोय,” झीनत फोनमधून म्हणाली.

दहा मिनिटे. एकोणतीस. पंधरा. तीस. समिधाने तळवा वर नेला. चटईजवळ नेला, मग चटईलाच लावला. ती कोमट होती. भिंग्याच्या पडद्यावर छत सगळीकडे एकसारखे हिरवे दिसत होते. ना पट्टे, ना ठिपके. वीस मिनिटे. एकतीस. चाचा डोळे मिटून ओठ हलवत होते. पंचविसाव्या मिनिटाला बत्तीस. अठ्ठाविसाव्या मिनिटाला आकडा पुन्हा हलला.

“बत्तीस पूर्णांक सहा,” भिंग्या म्हणाला.

तीस मिनिटे झाली. तेहतीस. बाईंनी घड्याळ पाहिले, आकडा पाहिला, आणि त्या तशाच बसून राहिल्या.

“बाई?” समिधाने घाबरत विचारले. “झाला ना अर्धा तास?”

“झाला की,” बाई पाय पसरून म्हणाल्या. “पण बाहेर सत्तेचाळीस आहे. मला इथंच बरं वाटतंय. जा, झीनतला सांगा, बॅग भर म्हणावं.”

सांगायची गरज नव्हती. गल्लीतल्या सगळ्यांनी झीनतची आरोळी ऐकली. चाचांनी डोळे उघडले, छताकडे पाहिले आणि आधी आबाजींना, मग समिधाला, मग चुकून भिंग्यालाही मिठी मारली.

शनिवारी सकाळी सहाला जंगलाचे फाटक उघडले तेव्हा घरगाडी सर्वांत पुढे उभी होती. एसी एकदाही बंद पडला नाही. उलट आबाजींच्या लक्षात आले, की तो पूर्वीच्या निम्म्याच ताकदीने चालला आहे, कारण आत येणारी उष्णताच कमी झाली आहे. झीनत सगळ्या वाटेवर खिडकीचा पडदा बोटभर सरकवून बाहेरचा उन्हाळा बघत होती. पळसाची झाडे, रस्ता ओलांडणारे रानडुक्कर, रसवंतीवरची गर्दी. मे महिन्यात बाहेर काय काय असते हे तिने असे कधी पाहिलेच नव्हते.

दुसऱ्या दिवशी दुपारी लग्नघरी फारच उकडत होते. तासाभरात बातमी पसरली, की अंगणात उभ्या असलेल्या पोपटी गाडीत गारवा आहे. आधी मेंदी लावलेली नवरी येऊन झीनतला बिलगून बसली. मग नवरीच्या मैत्रिणी आल्या. मग मुलाकडच्या तीन आत्या.

“चौदा माणसे, चौदाशे वॅट,” भिंग्याने घोषणा केली. “तापमान एकतीस आणि वाढते आहे. आत्यांनी कृपया उतरावे.”

“मुलाकडचे आहोत आम्ही!” एक आत्या फणकारली.

“उष्णतेला ते कळत नाही,” भिंग्या म्हणाला. शेवटी आत्या हसत हसत उतरल्या.

सूर्य डोंगराआड गेला, वारा सुटला, आणि झीनत ओली ओढणी डोक्यावर घेऊन स्वतःच्या पायांनी मांडवात गेली. चाचा पाहुण्यांशी बोलता बोलता मध्येच थांबले. त्यांनी रुमालाने डोळे पुसले. मुलीच्या लग्नात बापाच्या डोळ्यांत पाणी येतेच, त्यामुळे कोणी कारण विचारले नाही.

परतीच्या वाटेवर झीनत पलंगावर आडवी पडून छताकडे बघत होती.

“समिधा,” मग ती म्हणाली, “आपल्या वर्गाचं छप्पर पत्र्याचंच आहे ना? मार्च लागला की मी शाळेत येत नाही. शेवटचे दोन महिने मला कधी माहीतच नसतात.”

समिधाने तिच्याकडे पाहिले, मग वर पाहिले.

गावात पोचल्यावर दुसऱ्या दिवशी, भर सुट्टीत, ती भिंग्याला घेऊन शाळेत गेली. वर्गाला कुलूप होते. ती खिडकीच्या गजांना धरून वर चढली आणि आत डोकावली. पत्रे, त्यांच्याखाली लोखंडी कमानी. तिने त्या दोनदा मोजल्या. एकवीस कमानी, म्हणजे दोन्ही टोकांचे धरून बावीस गाळे. तिने वहीत छताचे चित्र काढले. पांढरा रंग कुठे, कापूस कुठे, बुचाच्या पट्ट्या कुठे, मोकळी जागा किती, सगळे लिहिले. खाली ठळक अक्षरांत लिहिले, ‘कापूस दाबायचा नाही.’

मग ती मुख्याध्यापकबाईंच्या घराकडे चालू लागली. बाई दुपारी दोन तास झोपतात आणि तेव्हा त्यांना उठवायचे नसते, हे गावात सगळ्यांना माहीत होते. समिधालाही माहीत होते. तिने वही काखेत धरली आणि दार उघडेपर्यंत कडी वाजवली.